आपल्या मुलांच्या हाती कोणती वही द्यायची? उन्हाळी धर्मशिक्षण शिबिरासाठी आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधूभगिनींनो,

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून दहा दिवस आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांचं उन्हाळी धर्मशिक्षण शिबिर भरणार आहे. त्यासाठी ३५,००० रुपये कमी पडताहेत आणि माणसंही कमी पडताहेत. पैसे कशाला लागणार हे सांगण्याआधी गेल्या मे महिन्यात काय झालं ते सांगतो, कारण यंदाचा खर्च तिथूनच सुरू झाला.

गेल्या वर्षी हाताशी वेळ नव्हता. शिकवणारे आम्ही पाचजण, सगळे नोकरीधंद्यातले. म्हणून एक तयार संच ऑनलाइन मागवला. पेटीवर ठळक अक्षरांत 'कॅथलिक मुलांसाठी' असं छापलेलं होतं. आत पोस्टर होती, गाणी होती, रोजच्या पानांचा गठ्ठा होता. इंग्रजी मजकूर आम्हीच रात्री बसून मराठीत केला, झेरॉक्स काढल्या आणि शिबिर सुरू केलं. तिसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी हातात कागद घेऊन पुढं आली.

"टीचर, आमची आजी म्हणती, आईबापाचा मान राख ही चौथी आज्ञा. हितं पाचवी लिवलंय. खरं कुठलं?"

खरं आजीचंच होतं. दहा आज्ञांचा मजकूर सगळ्या ख्रिस्ती लोकांचा एकच आहे, बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला. आकडे घालायच्या पद्धती मात्र वेगळ्या आहेत. आपण कॅथलिक संत अगस्तीनच्या परंपरेनं मोजतो. मूर्तीविषयीचं वचन पहिल्याच आज्ञेत धरतो आणि लोभाविषयी नववी आणि दहावी अशा दोन आज्ञा करतो. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मूर्तीविषयीची आज्ञा दुसरी म्हणून वेगळी येते, म्हणून तिथून पुढचे आकडे एकानं सरकतात आणि लोभाविषयीची दहावी एकच राहते. प्रायश्चित्त संस्काराआधी, म्हणजे पापांची कबुली देण्याआधी, पाचव्या आज्ञेवरून मन तपासायला सांगितलं, तर आजीच्या नातीनं रागाचा आणि मारामारीचा विचार करायचा की आईबापांना उलट बोलल्याचा?

आकड्यांपुरतंच असतं तर खाडाखोड करून भागलं असतं. पण त्या रात्री आम्ही संच पहिल्या पानापासून वाचायला बसलो, जे आधीच करायला हवं होतं. शेवटच्या भोजनाचं रंगवायचं चित्र होतं आणि त्याखाली एवढंच होतं की येशूची आठवण राहावी म्हणून भाकर मोडतात. ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, याबद्दल एक शब्द नव्हता. हे पान रंगवणाऱ्यांत पुढच्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणारी मुलं होती. दहा दिवसांत सात संस्कारांचं नाव कुठंही नव्हतं. पवित्र मरिया गोठ्याच्या चित्रात एकदा दिसली, मग क्रूसाजवळसुद्धा नव्हती. बायबलच्या पुस्तकांचा तक्ता ६६ चौकटींचा. आपल्या बायबलमध्ये पुस्तकं ७३. तोबित, युदीथ, बारूख, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ आणि बेनसिराक या सात पुस्तकांना त्या तक्त्यात जागाच नव्हती. पेटीवरचा शब्द सोडला तर आत कॅथलिक असं काही नव्हतं. आणि ही पानं मराठीत आम्हीच केली होती. ही चूक आमची आहे, पालकांच्या सभेत आम्ही ती कबूल केली आणि इथंही करतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे आपल्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांविरुद्धचं बोलणं नाही. कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले, तेव्हापासून त्यांची मंडळी इथं शाळा चालवतात, दवाखाने चालवतात. आपल्यातली कितीतरी लेकरं त्यांच्या दवाखान्यात जन्मली. त्यांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत आपली मुलं जातात, गाणी शिकून येतात, त्याचा आनंदच आहे. ते जे शिकवतात ते मनापासून मानतात. आपणही जे मनापासून मानतो ते आपल्या मुलांना आपणच शिकवायचं आहे. दुसऱ्यांच्या पानांतून आपलं तेवढं गाळून उरलेलं शिकवलं, तर त्यात त्यांचाही मान राहत नाही.

मग यंदा काय बघितलं? पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकामागचं पान उघडायचं. १९८३ च्या धर्मसंहितेतला ८२७ वा नियम सांगतो की धर्मशिक्षणाची पुस्तकं आणि त्यांची भाषांतरं स्थानिक बिशपांच्या मान्यतेशिवाय प्रसिद्ध करू नयेत. ही मान्यता 'इम्प्रिमातुर' या लॅटिन शब्दानं छापतात, त्याचा अर्थ 'छापायला परवानगी'. त्याखाली बिशपांचं नाव आणि तारीख असते. पुस्तक रंजक आहे किंवा मुलांना झेपेल, याची ती हमी नव्हे. श्रद्धेला आणि नीतीला धरून नसलेलं त्यात काही नाही, एवढंच ती सांगते. म्हणून पुढचं वाचन आपल्यालाच करायचं असतं. १९९२ सालची कॅथलिक चर्चची धर्मशिक्षणाची पोथी चार भागांत आहे: श्रद्धा, संस्कार, ख्रिस्तातलं जीवन आणि प्रार्थना. दहा दिवसांत हे चारही भाग मुलांपर्यंत पोचतात का, ते आम्ही बोट ठेवून तपासलं. कापसाची मेंढरं आणि कागदी नाव कुठल्याही संचातून घ्यायला आमची हरकत नाही, ती यंदाही असतील.

बाहेरचे चार संच पाहिले. ज्यांत श्रद्धा पूर्ण होती, ते परदेशी मुलांसाठी लिहिलेले होते, बर्फात खेळणारी मुलं आणि त्यांच्या शाळेची पिवळी बस. शेवटी समितीनं ठरवलं की वही आपणच करायची, मराठीत, ४८ पानांची. हे धाडस नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून झालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. पुराणं ऐकत वाढलेल्या लोकांनी नव्या धर्मातही आपल्या भाषेत असं काहीतरी हवं म्हणून मागितलं होतं, तेव्हा ते लिहिलं गेलं. आपल्याला तर फक्त ४८ पानं करायची आहेत.

वहीत वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत, १५९७ साली नागासाकीत क्रूसावर प्राण दिलेले आणि १८६२ साली संतपदाला पोचलेले. केरळच्या संत अल्फोन्सा आहेत. कॉम्प्युटरवर ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जमवणारा, पंधराव्या वर्षी गेलेला आणि २०२५ साली संत जाहीर झालेला कार्लो अकुतिस आहे. आमच्या मोठ्या मुलांना तो फार जवळचा वाटतो. वहीचा मसुदा फादरांनी वाचला आहे. आपला जिल्हा २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे, म्हणून आता तो मान्यतेसाठी सावंतवाडीला बिशप हाऊसकडे गेला आहे. मान्यता आल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही.

मे हा मरियेचा महिना, म्हणून यंदा प्रत्येक मूल आपली जपमाळ स्वतः ओवणार आहे. गेल्या वर्षीच्या पेटीत पाच रंगांच्या मण्यांचं कडं होतं. ते मुलांच्या हातात चार दिवस राहिलं. जपमाळेला ५९ मणी लागतात, ५३ नमो मरियेचे आणि ६ 'हे आमच्या स्वर्गीय पित्या'चे. यंदा ८० मुलं आहेत, म्हणजे ४,७२० मणी. महाद्वार रोडवर भाव काढून झाला आहे. काचेचे मणी महाग पडतात आणि फुटतात, म्हणून लाकडी घेतोय. दहा मण्यांनंतरची ती घट्ट गाठ मारायला आमच्यात फक्त दोघींना येते. आजरा, गडहिंग्लजकडच्या ज्या आज्या इथं मुलांकडे राहायला आल्या आहेत, त्यांना ती नक्की येत असणार. त्यांनी दोन सकाळी येऊन मुलांशेजारी बसावं, ही आमची हात जोडून विनंती. कोकणीत सांगितलं तरी चालेल, मुलांना बोटांकडे बघूनच कळतं.

हिशेब असा. छापलेली वही, रंगपेटी, जपमाळेचं सामान, रोजचा नाश्ता आणि ताक, शिरोली आणि गोकुळ शिरगावकडून येणाऱ्या मुलांसाठी वडापची गाडी, असं सगळं धरून मुलामागे ६५० रुपये. ८० मुलांचे ५२,०००. त्यातले १७,००० जमले आहेत. कुणाही पालकाकडून फी घेणार नाही. एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या घरांतली तीन-तीन भावंडं येतात, फी लावली तर त्यांतलं एकच येईल. शिकवणाऱ्यांपैकी कुणी मानधन घेत नाही. ६५० रुपयांत एका मुलाचे दहा दिवस होतात. ज्यांना तेवढं जमणार नाही त्यांनी शंभर द्यावेत, एका मुलाची वही त्यात छापून होते.

पैशांइतकीच या कामांची गरज आहे: शुद्धलेखन तपासून देणारं कुणीतरी, आतली रेखाचित्रं काढणारं कुणीतरी (क्रूसाजवळ उभी असलेली माता मरिया अजून हवी तशी जमलेली नाही), सकाळी आठला नाश्ता आणून देणारी दहा घरं आणि पाचवीच्या पुढच्या मुलांना सांभाळणारे दोन तरुण.

आणि एक विनंती थोडी कठीण आहे. घरातले जुने संच, परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली पुस्तकं, गोष्टींच्या सीडी थेट मुलांच्या हातात देऊ नका. आमच्याकडे आणा. आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू, ठेवण्यासारखं असेल ते आभार मानून ठेवू आणि नसेल ते का नाही हे सांगून परत देऊ. गेल्या वर्षी हे केलं असतं तर त्या मुलीला आजीवर शंका घ्यावी लागली नसती. ती यंदाही येणार आहे. तिच्या आजींनी गाठी शिकवायचं आधीच कबूल केलं आहे.

देणगी रविवारच्या दोन्ही मिस्सांनंतर चर्चच्या दारातल्या टेबलावर किंवा आठवडाभर संध्याकाळी पॅरिश ऑफिसात द्यावी. पावती घ्यायला विसरू नका. वही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात छपाईला द्यायची आहे, म्हणून त्याआधी आलेला रुपया जास्त उपयोगी पडेल. जमाखर्च शिबिरानंतरच्या पहिल्या रविवारी सूचना फलकावर लागेल.

आपली,
धर्मशिक्षण समिती, कोल्हापूर