वेकबोर्डिंगसाठी जुनी बोट घेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभणी-नांदेड भागातील काही तरुण वर्गणी काढून वेकबोर्डिंगसाठी जुनी बोट घेण्याच्या विचारात आहेत. इंजिनांच्या दुरुस्तीत माझी हयात गेली असल्याने त्यांनी माझे मत विचारले. पायांत फळी अडकवून, बोटीला बांधलेला दोर धरून, बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या घेण्याचा हा खेळ आपल्याकडे नवा आहे. तरी गोदावरी, पूर्णा आणि मांजरा या नद्यांवरच्या मोठ्या जलाशयांच्या काठी वाढलेल्या मुलांना पाण्यात उतरावेसे वाटते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्यांचे पैसे चुकीच्या बोटीत अडकू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मुलांचा ओढा साहजिकच मास्टरक्राफ्ट, मालिबू, नॉटिक अशा खास याच खेळासाठी बांधलेल्या परदेशी बोटींकडे आहे. त्या बोटींवर दोर बांधायला उंच कमान असते, त्यामुळे स्वाराला उडी चांगली मिळते. आतल्या टाक्यांत किंवा पिशव्यांत पाणी भरून बोट जड करता येते, त्यामुळे लाटही मोठी उठते. हे सारे खरे असले, तरी आपल्या जलाशयांवर आणि आपल्या खिशाला जुन्या बाजारातली अशी बोट परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे इंजिन आत बसवलेले असते आणि पंखा व सुकाणू तळाखाली कायमचे जखडलेले असतात. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर पाणी झपाट्याने उतरते आणि बुडीत क्षेत्रातील झाडांचे बुंधे, पडक्या भिंती, विहिरींची बांधकामे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. ताशी तीस किलोमीटरच्या वेगात त्यांतल्या एकावर पंखा आदळला, तर पंखा, दांडा आणि त्याचा आधार असे तिन्ही वाकतात, आणि ते सरळ करून देणारा कारागीर मराठवाड्यात सापडणे कठीण आहे. शिवाय असे मोठे आठ सिलिंडरचे इंजिन या खेळात तासाला वीस-पंचवीस लिटर पेट्रोल सहज पिते. परभणीत पेट्रोलचा भाव राज्यात नेहमीच चढा असतो, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. तासाचा खर्च दोन हजारांच्या पुढे गेला, की वर्गणीदार एकेक करून गळू लागतात.

त्यापेक्षा सतरा ते एकोणीस फुटी, मजबूत तळाची साधी फायबर बोट आणि तिच्या मागे नव्वद ते एकशे पंधरा अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, हा मेळ मला योग्य वाटतो. बाहेर टांगलेले हे इंजिन उथळ पाण्यात वर उचलता येते आणि पुढे निकामी झालेच, तर बोट तशीच ठेवून ते एकटे बदलता येते. पूरबचावाच्या रबरी बोटींवर याच प्रकारची, पण लहान, इंजिने चालत असल्यामुळे त्यांची जाण असलेली माणसे आपल्याकडेही भेटतात. बोट हलकी असल्याने काठच्या काळ्या मातीत ट्रेलर रुतण्याची धास्तीही कमी राहते. मोठी लाट आणि उंच उडी हे शिकलेल्यांचे कौतुक आहे. नवशिक्याला ताशी सव्वीस ते तीस किलोमीटरचा स्थिर वेग, न ताणला जाणारा दोर आणि तो बांधायला बोटीत पक्का बसवलेला खांब एवढे पुरते.

मात्र हे इंजिन फोर-स्ट्रोकच असावे, असा माझा आग्रह आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमधून सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच पाण्यात जाते, आणि ज्या पाण्यावर आपण खेळणार, तेच पाणी कोणत्या ना कोणत्या गावाच्या नळाला येते. अशी इंजिने स्वस्त मिळतात म्हणूनच हे बजावून सांगावेसे वाटते.

जुन्या बोटी बहुधा मुंबई-गोव्याकडून येतात, म्हणजे त्या खाऱ्या पाण्यात वापरलेल्या असतात. मध्यंतरी अशीच एक बोट पाहायला मुलांनी मला सोबत नेले होते. रंग नवा होता, गाद्या नव्या होत्या, स्पीकरही लावलेले होते. चालकाच्या आसनामागे टाच दाबली तर जमीन किंचित खाली गेली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तेव्हा पुढच्या भागात टणटण असा खणखणीत आवाज येत होता, आणि मागे इंजिन टांगलेल्या भिंतीपाशी तो एकदम बद्द झाला. तिथला एक बोल्ट सैल करताच भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले. जुन्या बोटींत फायबरच्या आत तळाला बळ देणाऱ्या लाकडी तुळया आणि मागच्या भिंतीतले प्लायवूड असते. एखाद्या भोकातून पाणी शिरले, की ते आतल्या आत कुजते आणि वरून काही दिसत नाही. इंजिन दुरुस्त होते, पण कुजलेल्या बोटीची दुरुस्ती बोटीच्या किमतीच्या वर जाते. त्यामुळे तपासणीची सुरुवात इंजिनापासून न करता तळापासून करावी.

त्यानंतर इंजिन पाहावे. आपण पोहोचण्याआधी मालकाने ते चालू करून गरम करू नये, अशी आधीच विनंती करावी, कारण खरी परीक्षा थंड इंजिनाचीच असते. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. खालच्या गिअरमधील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर सील गेले आहे, आणि आपल्या तलावांत मासेमारीचा दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला जाऊन नेमके हेच सील कापले जाते. चाचणी रिकाम्या बोटीने घेऊ नये. चार माणसे बसवून आणि मागे दोर धरलेल्या एका मोठ्या माणसाला पाण्यातून वर खेचून पाहावे. खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटीच्या इंजिनाला गंजापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे गोड्या पाण्यात नीट काम करीत नाहीत, म्हणून ते बदलून मॅग्नेशियमचे बसवावेत. हल्ली आपल्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या बोटीच्या टाकीत त्याने पाणी साचते आणि जुने रबरी नळ फुगतात. नळ बदलणे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे, हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा.

या सगळ्याच्या आधी, इसार देण्यापूर्वीच, बोट कुठे चालवणार हे ठरले पाहिजे. पुष्कळांच्या मनात नाथसागर असतो. तो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहितांसह असंख्य स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि छत्रपती संभाजीनगर व जालन्याची तहान त्याच पाण्यावर भागते. तिथे वेगवान बोट नेण्याचा विचार तरुणांनी मुळातच सोडून द्यावा, असे मला कळकळीने वाटते. येलदरीसारख्या अन्य जलाशयांवरही जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरता येणार नाही. मासेमारी संस्थांची जाळी कुठे आणि कधी लावलेली असतात, हे त्यांच्याशी आधी बोलून समजून घ्यायला हवे. एका फेरीत फाटलेले जाळे म्हणजे एका घराची कमाई. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी, तपासणी आणि विमा यांचे कागद लागतात, तेव्हा ज्या विक्रेत्याकडे ते नाहीत, त्याच्याकडची बोट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आज या परवानग्यांसाठी कोणत्या जलाशयाला कोणते कार्यालय, याची माहिती तरुणांना दारोदार फिरून गोळा करावी लागते. मराठवाड्यात कोणत्या जलाशयांवर, वर्षातील कोणत्या महिन्यांत आणि किती पाणीपातळीपर्यंत अशा खेळांना मुभा देता येईल, याची यादी जलसंपदा आणि वन विभागाने मिळून जाहीर करावी, आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी