जिजींना कुठे लिहायचं?

इंदूर,
रविवार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या गुडघ्याचं दादाने काल फोनवर सांगितलं. दुखतंय म्हणून फिजिओचा व्यायाम सोडू नका. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरायचा, त्याने मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. पण गुण यायला काही आठवडे जावे लागतात. आणि सकाळी अंथरुणातून एकदम उभे राहू नका. बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून जरा बसा, मग उठा. चक्कर येतच राहिली तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर घाल आणि दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं जाऊ देत. डोळा चोळायचा नाही. फोडण्या काही दिवस वहिनीच्या हातच्या. मला जास्त काळजी वाटते ती तुझ्या खांद्याची. वेणी घालायला हात मागे जात नाही म्हणालीस, म्हणजे खांदा आखडलाय. साखर असलेल्या माणसांना हा त्रास जास्त होतो, म्हणून दादाबरोबर जाऊन साखर तपासून घे. मुद्दाम सांगतेय, कारण माझीही वाढायला लागलीय. तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून आत पाऊल पडलेलं नाही. रोज सकाळी चालायला जाते, पोह्यांबरोबरची जलेबी बंद केलीय. घाबरू नका.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला साखर?" बाबांकडचं मी धडाधड सांगितलं. आजोबांना होती, काकांना आहे. "आणि आईकडे?" यावर मला काही सांगता येईना. आई, तुझ्या आईच्या पायाला काटा लागला आणि ती जखम वर्षभर भरलीच नाही, शेवटी शेवटी तिला दिसायचंही कमी झालं होतं, एवढं मी तुझ्याकडूनच ऐकलंय. घरात सगळे काट्याचंच निमित्त सांगत आले. मला आता वाटतं, ती साखरच असेल. तेव्हा तपासलं कुणी? तिच्या बहिणींचं काय झालं, त्यांच्या मुलींपैकी कुणाला काही आहे का, हे सगळं तू आठवून सांग. माझ्यासाठी, आणि माझ्या लेकीसाठीसुद्धा.

त्यानंतर कपाटातली आपली वंशावळ काढली. वाईजवळच्या मूळ गावापासून महेश्वर, आणि १८१८ मध्ये मंदसोरचा तह होऊन होळकरांची राजधानी इंदूरला आली तेव्हा इथे, असा सगळा प्रवास बाबांनी किती सुबक अक्षरात लिहून ठेवलाय! पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पुरुष. मी नाही, आत्या नाही. म्हणून ठरवलं की जिथे जिथे कागद सापडेल तिथे जाऊन बायकांची नावं शोधायची.

उज्जैनला रामघाटावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींकडे, जाऊन आले. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं आणि गुरुजींनी लाल कापडातली वही काढली. बाबा, तुमच्या आजोबांची नोंद सापडली! मोडीतली आहे. मोडीत आधी सबंध ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद नाही. त्यामुळे मला नुसतं आडनाव ओळखता आलं. फोटो काढून आणला आणि मोडी जाणणाऱ्या इथल्या एका काकांनी वाचून दिला. शके १८४०, मार्गशीर्ष. अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९१८, म्हणजे वर्षअखेर. बायकोच्या क्रियेसाठी आले होते. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव आहे, चार वर्षांच्या मुलाचं, म्हणजे आपल्या आजोबांचं, नाव आहे. बायकोचं नाव नाही, तिथे नुसतं "कुटुंब" लिहिलंय.

१९१८ चा पावसाळा सरता सरता देशभर इन्फ्लुएंझाची मोठी लाट आली होती. आपल्याकडचे जुने लोक तिला मानमोडी म्हणायचे. तरणीताठी माणसं चार-आठ दिवसांत गेली. पणजीही त्यातच गेली असावी असं मला तारखेवरून वाटतं. बाबा, आजोबा आपल्या आईबद्दल कधी काही बोलले होते का? तापाचं, खोकल्याचं, काहीही?

चार वर्षांचं ते पोर कुणी वाढवलं, हे मात्र आपल्याला पक्कं ठाऊक आहे. जिजींनी. पणजोबांची बालविधवा बहीण, माहेरी परत आलेली. त्यांनी भावाच्या मुलाला पोटाशी धरलं म्हणून आजोबा जगले, बाबा तुम्ही झालात, दादा झाला, मी झाले. आणि त्या जिजी ना वंशावळीत, ना उज्जैनच्या वहीत. सासरच्या कागदांत असतील असंही वाटत नाही. हे मला सोसत नाही, बाबा. मी नव्या कागदावर पणजोबांच्या शेजारी त्यांची जागा आखलीय आणि तिथून आजोबांपर्यंत रेघ ओढलीय. पण तिथे लिहू काय? घरात सगळे जिजीच म्हणायचे. पाळण्यातलं नाव काय होतं? सासर कुठलं, आडनाव काय?

आई, हे तुलाच ठाऊक असेल. तू लग्न होऊन रामबागेत आलीस तेव्हा जिजी होत्या, दुपारी त्यांच्या पायांना तेल लावायला तू बसायचीस आणि त्या बोलत राहायच्या. तुझ्यापाशी जितकं आहे तितकं कुठल्याही दफ्तरात नाही.

त्यांची उंदरांच्या मिरवणुकीची गोष्ट आठवते? राजवाड्यापाशी दिवाळीत मोठ्ठे उंदीर मिरवले, म्हणायच्या, आणि बाबा, तुम्ही ती पोरांना रिझवायची गोष्ट समजायचात. ती खरी आहे! पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबाराने बोलावलं होतं. प्लेगचे दिवस होते. शहर झाडूनपुसून स्वच्छ व्हावं म्हणून त्याने १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली, तीत प्लेगचा राक्षस होता आणि उंदीरही होते. ज्या वस्तीने घरं उत्तम साफ केली तिच्यातून मिरवणूक जाणार, असं जाहीर केल्यावर लोकांनी ढीगच्या ढीग कचरा काढला. पुढच्याच वर्षी त्याचा इंदूरच्या नगररचनेवरचा अहवाल छापून आला. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लगेच तुम्हाला फोन लावणार होते, पण रात्र फार झाली होती. जिजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या बाकीच्या गोष्टीही आता तितक्याच गंभीरपणे ऐकायला हव्यात.

म्हणून एक करा. आई, दुपारी चहानंतर दादाच्या लेकीला फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांग आणि जिजींबद्दल आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने बोल. वर्ष चुकलं तरी चालेल, ते मी इथे कागदांवरून ताडून बघेन. मग तुझ्या आईकडचं, मावश्यांचं सांग. बाबा, तुम्ही मधेमधे दुरुस्त्या करू नका, आईला बोलू द्या. तुमचं वेगळं रेकॉर्ड करा, विशेषतः आजोबांच्या लहानपणाचं.

इथे गराडूचे कंद आलेत बाजारात. येताना आणते, पण आई, साखरेचा रिपोर्ट पाहून मगच तुला किती ते ठरवू. महिनाअखेरीच्या पुणे गाडीचं तिकीट काढलंय. उज्जैनच्या नोंदीचा फोटो मोठा छापून आणतेय. बाबा, तोपर्यंत चष्म्याचा नंबर तपासून घ्या, मोडी आपण दोघं मिळून वाचू.

तुमची,
ताई