सर्व्हिसिंगच्या यादीत आवश्यक काय?

महोदय,
गेल्या महिन्यात साताऱ्यात गाडी नियमित सर्व्हिसिंगला दिली असता, ठरलेल्या कामांखेरीज इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणे), इंजेक्टर क्लीनिंग (इंधन फवारणाऱ्या भागाची सफाई) आणि अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक लेप) सुचवण्यात आले. गाडीच्या माहितीपुस्तिकेत यांपैकी एकाही कामाचा उल्लेख नाही. मात्र ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी बदलावे, असे तीत स्पष्ट लिहिले असूनही त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. हे तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो, आणि पाचगणीहून पसरणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते उकळले, तर ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो. घाटांच्या जिल्ह्यात हा खर्च टाळणे मला तरी धोक्याचे वाटते. कोटिंग समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उपयोगी पडेलही. एअर फिल्टर मात्र काढून दाखवायला सांगावा, आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. सेवा केंद्रांनी प्रत्येक जादा कामाचे कारण व दर लेखी द्यावेत, ग्राहकाच्या संमतीविना ते करू नये आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाहनधारक, सातारा