तिकीट रद्द करू नकोस

नाशिक, २० ऑगस्ट २०२४

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

"बाबा अजून दुकानात जातात का?" असं आईला विचारलंस म्हणे. जातो. शुक्रवारी, १६ तारखेला, बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांच्या निषेधार्थ बंद होता. आपल्या इथल्या भद्रकाली भागात दोन गट समोरासमोर आले, दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मेन रोडवर धडाधड शटरं पडली. आपल्या पोऱ्याची सायकल बाहेरच राहिलेली. अर्ध्या शटरखालून वाकून ती आत ओढेपर्यंत माझा जीव टांगणीला. ऐन राखीच्या सीझनला धंदा बसला, टांगलेल्या राख्या तशाच राहिल्या. काल मात्र तिसरा श्रावणी सोमवार, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला ही गर्दी!

आता तुझ्या मित्राचं. अमेरिकी सरकारची प्रवासाची सूचना वाचून तुझ्यासोबत इकडं यायला तो कचरतोय म्हणे. त्या सूचनेत अमेरिकेनं भारताला धोक्याच्या लेव्हल दोनवर ठेवलंय. चारांतली दोन, म्हणजे जरा जास्त जपून. फ्रान्सही दोनवरच आहे आणि पॅरिसला आत्ताच ऑलिम्पिक झालं की! 'पूर्व महाराष्ट्र' वाचून तो दचकला, पण ते नक्षलवाद्यांमुळे, गडचिरोलीकडचं. नागपूरच इथून सहाशे किलोमीटरच्या वर. उलट भद्रकाली त्या कागदात शोधूनही सापडायची नाही. अख्ख्या देशाचा हिशेब मांडणाऱ्यांना आपली गल्ली कुठून दिसणार?

म्हणून सूचना वाचायचीच नाही असं नाही हं. ४ ऑगस्टला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं बांगलादेशात जाऊ नका म्हणून बजावलं, तेव्हा मीच म्हटलं, बरं केलं. दुसऱ्याच दिवशी शेख हसीना देश सोडून गेल्या. आपल्याकडच्या कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले. लासलगावचे व्यापारी डोक्याला हात लावून बसले. ढाक्यातही कुणी बाप आपल्या पोराला 'इकडं सगळं ठीक आहे' असंच लिहीत असेल, आणि त्याच्या गल्लीत ते खरंही असेल.

तेव्हा डिसेंबरचं तिकीट राहू दे, मित्रालाही आण. त्याच्या प्रवास विम्यात दंगल, संचारबंदी धरलीय का, ते आधी वाचायला सांग. निघायच्या आदल्या दिवशी मला विचार. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ बघून ठरवू नकोस, शुक्रवारचे म्हणून फिरणारे निम्मे कुठले नि कधीचे, देव जाणे. मुंबईहून सकाळची शिर्डी वंदे भारत पकडा, नाशिकरोडला मी येतो.

आणि रात्री दोनला फोन करून आईला घाबरवू नकोस.

तुझे
बाबा