काका, ते "माक्रेइनोक" नव्हतं!

प्रिय काका,

नाव टाकू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतंच काका. नाशिकला बाबांच्या शेजारी राहणारे, बँकेतनं रिटायर झालेले आणि नहपान या जुन्या क्षत्रप राजाच्या नाण्यांचं वेड असलेले काका, एवढं बाकीच्यांना पुरे.

तर झालं असं की इथे म्युनिकला नाण्यांच्या बाजारात मी 40 युरोला ब्राँझचं एक जाडजूड नाणं घेतलं, विकणारा म्हणाला रोमन आहे पण अक्षरं सगळी ग्रीक, आणि एका बाजूला दोन चेहरे समोरासमोर, म्हणजे राजाराणी असणार हे मीच ठरवून टाकलं आणि तुम्हाला फोटो पाठवून विचारलं, कुठलं हो हे? तुम्हाला बघताक्षणी कळलं असणार. पण सांगितलं नाहीत. "वाच" म्हणालात, बस्स.

मग रविवारी व्हिडिओ कॉलवर मी भिंगातनं "माप्कियानो" वाचतोय आणि तुम्ही ओरडताय, "इंजिनियर ना रे तू, घनतेला काय लिहायचास?" रो! दिसायला इंग्रजी पी, पण आहे र. मार्कियानोपोलितोन. म्हणजे "मार्कियानोपोलिसवाल्यांचं". रोमन बादशहाच्या राज्यातही पूर्वेकडची ग्रीक बोलणारी शहरं आपापली ब्राँझची नाणी पाडायची, आणि त्यावर नाणं कोणाचं तर तिथल्या लोकांचं असं लिहायची, हे मला भारी आवडलं. ट्राजन बादशहाने बहिणीच्या, मार्कियानाच्या नावाने वसवलेलं गाव, आज बल्गेरियातलं देव्न्या.

चेहऱ्यांच्या बाजूला मी "माक्रेइनोक" वाचलं तेव्हा तुम्हाला हसून ठसका लागला. तेव्हा ग्रीक स, म्हणजे सिग्मा, इंग्रजी सी सारखा काढायचे हे आम्हाला कॉलेजात कोण सांगणार! माक्रेइनोस, म्हणजे रोमन बादशहा मॅक्रिनस, इ.स. 217 ते 218, जेमतेम 14 महिने गादीवर. आणि माझी "राणी" निघाली त्याचा मुलगा, दियादुमेनियन, नऊ-दहा वर्षांचा. बापलेक दोघंही 218 मध्येच मारले गेले. आमचा चिरंजीव तेव्हा शेजारी बसून होमवर्क करत होता, तिसरीत आहे, मी नाणं जरा वेळ खाली ठेवलं.

मागच्या बाजूला आरोग्याची देवी हायजिया सापाला भरवतेय, भोवती गव्हर्नर पोंतियानसचं नाव, आणि मोकळ्या जागेत एकटंच एक ई. ते अक्षर म्हणून नाही, आकडा म्हणून आहे, ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे, ई म्हणजे 5, म्हणजे पाच अस्सारियाचं (तेव्हाचं सुट्ट्या पैशांचं एकक) नाणं, हे मात्र तुम्हीच सांगितलंत, माझ्या बापाला कळलं नसतं.

आणि चिंच! काका, मी चिंच भिजवली होती हो. आई देवाची तांब्याची भांडी घासते तसं लख्ख करावं म्हणून, वर मीठही काढून ठेवलेलं. सहज बोलता बोलता निघालं आणि तुम्ही एवढ्या जोरात "हात लावू नकोस" म्हणालात की काकू आतनं धावत आल्या. आम्लाने वरचा हिरवा-काळा थर एकदा गेला की गेला, तो परत येत नाही. एका कोपऱ्यात फिकट हिरवी भुकटी सुटत होती तेवढ्यापुरतं डिस्टिल्ड वॉटर, इकडे इस्त्रीत घालायचं मिळतं ते, आठवड्याला बदलत दीड महिना. थांबली भुकटी. चिंचेची आमटी केली.

मधोमध बारीक खड्डा बघून कोणीतरी ड्रिल मारलंय म्हणून मी परत द्यायला निघालो होतो, त्यावरही तुम्हीच "त्या भागातल्या नाण्यांवर असतो तो, घडवतानाचाच आहे" म्हणून थांबवलंत. पावती मात्र मागून घ्यायला लावलीत, आधी कोणाच्या संग्रहात होतं ते लिहून. तेव्हा कटकट वाटली, आता कोणी नवीन विचारलं की मी आधी तेच सांगतो.

तुम्हाला ग्रीक कसं येतं असं मी विचारलं तर म्हणालात, नहपानाच्या नाण्यांवर मोडकंतोडकं ग्रीक असतंच की, नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर सापडली, अर्ध्याहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला, त्याच्याखालचं वाचता वाचता शिकलो.

थँक्यू काका. मनापासून.

परवा आणखी एक घेतलंय, पावतीसकट. त्यावर नंतर मारलेला छोटा चौकोनी ठसा आहे, आत मला बीटा वाटतोय. रविवारी फोन करतो, पण सांगू नका हं लगेच.

तुमचाच,
म्युनिकचा माप्कियानो