गाडीला जुंपलेले बैल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारी बडोद्यात प्रतापनगरला जुनी रेल्वे दाखवत तुम्ही आम्हा बापलेकीसाठी अख्खी दुपार दिलीत. निघताना बाबांना बोलवेना आणि मलाही. म्हणून हे पत्र.

माझे आजोबा बडोदा संस्थानाच्या गायकवाडी रेल्वेत गार्ड होते. बाबांची पणजी सांगायची, ‘आपल्या गाडीला आधी बैल जुंपायचे.’ बाबांनी ते शाळेत सांगितलं तर सगळा वर्ग हसला. पुढे त्यांनी ही गोष्ट घरातही कधी काढली नाही. तुमच्यापुढे मात्र भीतभीत विचारली आणि तुम्ही लगेच म्हणालात, ‘खरंय की ते!’ १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई-मियागाम गाडी सुरू झाली ती बैलांवरच; रूळ इतके हलके की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. पुढे भक्कम रूळ पडले आणि मगच इंजिनं नेमाने धावू लागली. बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. काका, एवढ्या वर्षांनी त्यांची पणजी खरी ठरली!

मग तुम्ही तो जपून ठेवलेला नॅरो गेजचा, म्हणजे अडीच फुटी अरुंद रुळांवरचा, डबा दाखवलात. बाबांनी रुळांवर काठी आडवी धरली, तर अडीच फुटांपलीकडे ती चांगली वीतभर उरली. मोठ्या गाडीच्या जुन्या डब्यांना दोन बाजूंना धक्का झेलणारे दोन बफर असतात, इथे मधोमध एकच, आणि डबे जोडायचं कामही तोच करतो, हे मी इतकी वर्षं बडोद्यात राहून कधी पाहिलं नव्हतं. बाबांचे गुडघे दुखतात हे न सांगता ओळखून तुम्ही स्टूल आणून दिलंत, तेही विसरणार नाही.

आणि डब्याच्या खिडकीची ती लाकडी झडप. ‘आधी जरा वर उचलायची...’ असं तुम्ही म्हणेपर्यंत बाबांचा हात पुढे गेला होता. उचलली, आत ओढली, हलकेच खाली सोडली. आजोबांबरोबर डभोईला जाताना त्यांनी ती कितीदा उघडली असेल!

घरी आल्यावर बाबांनी कपाटातून आजोबांची शिट्टी काढली. पितळ काळं पडलंय, पण वाजते. पुढच्या रविवारी ती घेऊन येतो आहोत. तुम्ही असाल ना?

आपली,
दांडिया बाजारातली, गार्डसाहेबांची नात