गावातले चर्च बाहेरूनच पाहून परत फिरू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या प्रवासावर लेख येतात. त्यांत खेड्यातले चर्च हमखास असते, पण एका वाक्यापुरते. ‘टुमदार, दगडी, हिरवळीतले’ म्हटले की लेखक पुढच्या गावाला निघतो. फोटोही बाहेरूनच काढलेला. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे दादर-पार्ले-डोंबिवलीचे आईवडील आता थोडेथोडके नाहीत. मुले कामावर गेली की त्यांना दिवस खायला उठतो. चालत जाता येईल अशा अंतरावर सहाशे-आठशे वर्षांची वास्तू उभी असते, तिकीट बहुधा नसते, आणि आत काय पाहायचे हे ठाऊक नसल्यामुळे पाच मिनिटांत ती ‘पाहून होते’. चर्च ऑफ इंग्लंडची अशी सुमारे १६ हजार चर्चे आहेत. लेखांतून निसटणारा आतला तपशील म्हणून इथे देत आहे.

दार बंद दिसले म्हणून लगेच परत फिरू नये. पुष्कळदा ते नुसतेच जड असते. लोखंडी कडे फिरवून खांदा लावावा लागतो. खरोखरच कुलूप असेल, तर ओसरीतल्या फलकावर किल्ली कोणत्या घरी मिळेल ते लिहिलेले असते. ही ओसरी बहुतेक दक्षिणेला असते. दाराच्या बाजूच्या दगडावर मध्ये भोक आणि त्यातून खाली पसरलेल्या ओरखड्यांच्या रेघा दिसतात का, ते पाहावे. भोकात काडी खोचून तिच्या सावलीवरून प्रार्थनेची वेळ ठरवायची, अशी ही सूर्यघडी. कधी ती ओसरीच्या आत, ऊन पोहोचणारच नाही अशा जागी सापडते. म्हणजे ओसरी मागाहून बांधली. जुन्या चर्चमध्ये असा बेमेळपणाच शोधायचा असतो. सगळे एकसारखे आणि नीटनेटके दिसले, तर बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचा हात फिरला आहे असे समजावे. गुळगुळीत चकचकीत फरशा आणि एकाच साच्यातली पाइनची बाके ही त्याची ठळक खूण. त्या उत्साही मंडळींनी चर्चे पडण्यापासून वाचवली हे खरे, पण भिंतीवरचा गिलावा खरवडताना किती जुनी चित्रे त्याबरोबर गेली, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आत शिरताच दाराजवळच बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असते. ख्रिस्ती जीवनात प्रवेश तिथूनच, म्हणून ते दाराशी. अनेकदा चर्चमधली सगळ्यात जुनी वस्तू हीच असते, भिंतींपेक्षाही जुनी. कुंडाच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगड फुटलेला, शिसे भरलेला किंवा गंजक्या लोखंडाचा तुकडा अडकलेला दिसेल. मंत्रवलेले पाणी जादूटोण्यासाठी चोरले जाई, म्हणून १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडावर झाकण घालून कुलूप लावण्याचा हुकूम काढला. झाकणे गेली, कड्या उखडल्या, त्यांचे व्रण राहिले. काठावरून बोट फिरवले की ते हाताला लागतात.

कुंडाशी उभे राहून पूर्वेकडे तोंड करावे. समोर लांबच्या लांब दालन, त्याला नेव्ह म्हणतात. हा आपला सभामंडप. त्यापुढे कमान आणि कमानीपलीकडे वेदी असलेला भाग, चान्सेल. तो गाभाऱ्याच्या जागी. या दोन भागांची देखभाल मध्ययुगात वेगवेगळ्या खिशांतून होई. चान्सेलचा खर्च चर्चचे उत्पन्न घेणाऱ्या रेक्टरचा, नेव्हचा गावकऱ्यांचा. म्हणून नेव्ह ऐसपैस आणि चान्सेल कंगाल, किंवा बरोबर उलटे, असे पुष्कळ गावांत दिसते. लोकरीच्या व्यापारात पैसा आलेल्या गावांनी नेव्ह उंच करून घेतले, तिकडे रेक्टर दूर कुठे मठात बसून नुसता वाटा घेत राहिला.

काळ ओळखायला खिडक्या उपयोगी पडतात. अर्धगोल माथा, लहान झरोका आणि जाड भिंत असेल तर ते काम साधारण ११९० च्या आधीचे. माथा टोकदार झाला, खिडकी अरुंद आणि भाल्यासारखी उंच झाली की तेरावे शतक. दगडी जाळीत वेलबुट्टी आणि वळणे आली की १२५० ते १३५० चा सुमार. त्यानंतर खिडकी रुंद होते आणि तिच्या दगडी पट्ट्या सरळ उभ्या वरपर्यंत जातात. ही शैली सोळाव्या शतकापर्यंत चालली. नवख्याची चूक इथेच होते. तो खिडकीवरून भिंतीचे वय ठरवतो. जास्त उजेडासाठी जुन्या भिंतीला मोठी खिडकी पाडणे नेहमीचेच होते, आणि बुजवलेल्या जुन्या खिडकीची कमान शेजारी गिलाव्याखाली उमटलेली असते.

दक्षिणेच्या दारातून शिरल्यावर समोर येणाऱ्या उत्तर भिंतीवर नजर टाकावी. खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणारा दांडगा पुरुष, म्हणजे संत ख्रिस्तोफर, अस्पष्ट का होईना दिसू शकतो. त्याचे दर्शन झाले की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी समजूत होती. शेतावर जाताना दारातूनच डोकावून पुढे जाता यावे म्हणून चित्र तिथे. धर्मसुधारणेच्या काळात अशा चित्रांवर चुना फासला गेला, आणि त्या चुन्यानेच ती टिकवली. चान्सेलच्या कमानीजवळ भिंतीत उंचावर एक छोटे दार दिसते, त्यातून कुठेच जाता येत नाही. पूर्वी तिथे क्रुसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती असलेला लाकडी सज्जा होता. सोळाव्या शतकात तो उतरवला गेला आणि वर जाणारा जिना तेवढा उरला.

राजचिन्हाचा रंगवलेला फलक टांगलेला असेल, तर तो नीट वाचावा. फ्रान्सची लिलीची फुले असतील तर १८०१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती काढली. धावता पांढरा घोडा असेल तर १७१४ ते १८३७ मधला. पतंगासारखा कोपऱ्यावर उभा चौकोनी फलक मात्र कुणा जमीनदाराच्या मरणाचा. पाहणाऱ्याच्या डावीकडची बाजू नवऱ्याची, उजवीकडची बायकोची. डावी काळी आणि उजवी पांढरी असेल तर नवरा गेला, बायको मागे राहिली. सगळाच काळा असेल तर मेलेली व्यक्ती अविवाहित, विधवा किंवा विधुर.

चान्सेलच्या दक्षिण भिंतीत देवळीसारखा कोनाडा आणि तळाला भोक पडलेली लहान दगडी वाटी असते. पूजेची भांडी धुतलेले पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून ते इथून जमिनीत सोडत. तीर्थ-निर्माल्याची काळजी घेणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. अशी वाटी नेव्हच्या भिंतीत सापडली, तर तिथेही एके काळी वेदी होती हे नक्की. ती गुडघ्याएवढ्या उंचीवर आली असेल, तर मागाहून जमिनीची भर वाढली आहे.

सतरंजीखाली पितळी पत्र्यावर कोरलेल्या मृतांच्या आकृती असू शकतात. सतरंजी फरफटत ओढू नये, अडकलेल्या वाळूने पितळ घासले जाते. गुंडाळत न्यावी आणि तशीच उलगडून ठेवावी. कागद ठेवून मेणाने छाप घ्यायचा तर परवानगी हवी. पितळावरचे हिरवट डाग वटवाघळांच्या मुताचे असू शकतात. तिथे वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे डोकेदुखी मोठी. मनोऱ्याखाली लोंबणाऱ्या घंटांच्या दोरांना हात लावू नये. घंटा तोंड वर करून ठेवलेली असेल, तर एका हिसक्यात दोर माणसाला वर खेचू शकतो.

दुर्बीण आणि टॉर्च न्यावी. भिंतीला जवळजवळ चिकटून तिरपा प्रकाश टाकला, की नुसत्या उजेडात न दिसणारे ओरखडे आणि परकाराने काढलेली फुले उठून दिसतात. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर लागतो.

निघण्यापूर्वी मुंबईतच सराव करता येईल. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ चे, पण त्याचा घाट तेराव्या शतकातल्या इंग्लिश चर्चचा, दगड मात्र इथला. नेव्ह, चान्सेल, भाल्यासारख्या खिडक्या ओळखायला ते उत्तम. फोर्टमधले सेंट थॉमस १७१८ साली उघडले, आणि चर्चगेट हे नाव त्याच्याचमुळे आले. भिंतीवरची संगमरवरी स्मारके कशी वाचायची, ते तिथे कळेल. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकावर काशी आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याची नोंद आहे, ती शोधावी. पुरवणीने या दोन्ही वास्तूंच्या आतल्या भागावर आराखड्यासह एक पान द्यावे, ही विनंती.

एक राहिले. गावातल्या चर्चला दाराबाहेर जाळीचे दुसरे दार असते. बाहेर पडताना ते ओढून घ्यावे. ते उघडे राहिले तर पाखरू आत शिरते, त्याला वाट सापडत नाही, आणि रविवारी प्रार्थनेला माणसे येईपर्यंत ते तहानेने मेलेले असते.

आपला एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई